फॉल्स पॉझिटिव्ह (अँटिव्हायरस)

निरुपद्रवी प्रोग्रॅमला किंवा फाइलला अँटिव्हायरसने व्हायरस समजून अडवणे, विलग करणे किंवा पुसून टाकणे, याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. मराठीत ‘खोटा इशारा’ म्हणता येईल, पण नागपुरात बर्डीवरच्या दुरुस्तीच्या दुकानात हा शब्द ऐकू येत नाही. तिथे तक्रार एवढीच असते : ‘भाऊ, अँटिव्हायरसनं सॉफ्टवेअर खाल्लं.’ वर्णन तसे नेमके आहे. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट जागच्या जागी राहतो, क्लिक केले की फाइल सापडत नाही असा निरोप येतो, आणि खरी फाइल तेव्हा क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसच्या बंदिस्त कोठडीत, पडलेली असते.

अँटिव्हायरस फाइल दोन-तीन तऱ्हांनी ओळखतो. जुनी तऱ्हा सिग्नेचरची : पकडलेल्या व्हायरसमधला एखादा बाइट-क्रम नोंदवून ठेवायचा आणि तो दुसरीकडे आढळला की पकडायचे. तो क्रम व्हायरसचा स्वतःचा नसून त्याने आणि साध्या प्रोग्रॅमने दोघांनीही वापरलेल्या एखाद्या लायब्ररीतला (तयार कोडच्या संचातला) निघाला, तर भलताच सापडतो. दुसरी तऱ्हा ह्युरिस्टिक, म्हणजे लक्षणांवरून अंदाज. फाइल आवळून लहान करणारे यूपीएक्ससारखे पॅकर व्हायरस लिहिणारेही वापरतात आणि साधे प्रोग्रॅमरही. पायथॉन भाषेतला प्रोग्रॅम पायइन्स्टॉलर या साधनाने ईएक्सई फाइलमध्ये बांधला की सुरुवातीचा तुकडा हजारो प्रोग्रॅममध्ये एकसारखाच येतो, त्यात चोरही असतात. अलीकडे मशीन लर्निंग आणि क्लाउडवरची ‘पत’ यांची भर पडली आहे. ही फाइल जगात किती संगणकांवर दिसली, किती दिवसांपासून दिसते, यावरून तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरते.

चूक पूर्ण टाळता येत नाही, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. समजा, एका संगणकावर ३ लाख फाइली आहेत, त्यांतली एकच खरी व्हायरस आहे, आणि अँटिव्हायरस लाखात फक्त एकदा चुकतो. पूर्ण स्कॅन केल्यावर चार इशारे येतील आणि त्यांतले तीन खोटे असतील. लाखात एक चूक हे काम वाईट नव्हे; व्हायरसच मुळात दुर्मीळ असल्यामुळे हे असे होते. चाळणी बारीक करावी तर खोटे इशारे वाढतात, जाड करावी तर खरे निसटतात. म्हणूनच ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही चाचणी संस्था व्हायरस किती पकडले याबरोबर खोटे इशारे किती दिले हेही मोजते.

फाइलची पत पाहण्याच्या पद्धतीचा सगळ्यात जास्त फटका लहान, स्थानिक सॉफ्टवेअरला बसतो. इतवारी-गांधीबागेतल्या घाऊक दुकानांत फॉक्सप्रो किंवा व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेले हिशेबाचे प्रोग्रॅम अजून दिसतात. लिहिणारा एकच माणूस, गिऱ्हाईक पन्नास-शंभर दुकाने. जगाच्या हिशेबात ती फाइल कुणी पाहिलेलीच नसते. मराठी टायपिंगच्या साधनांचे दुखणे वेगळे. दाबलेली प्रत्येक कळ मध्येच अडवून तिच्या जागी देवनागरी अक्षर टाकणे हे त्यांचे काम, आणि कळ अडवणे हेच पासवर्ड चोरणाऱ्या कीलॉगरचेही पहिले लक्षण. यावर फाइल कुणी बनवली ते पटवणाऱ्या डिजिटल सहीचा उपाय आहे, पण सहीच्या प्रमाणपत्राला पैसे मोजावे लागतात, आणि १ जून २०२३ पासून त्याची गुप्त किल्ली प्रमाणित हार्डवेअरमध्येच ठेवण्याचे बंधन आहे. महाल भागातल्या छपाईखान्यासाठी फॉन्ट कन्व्हर्टर लिहून देणारा मुलगा या भानगडीत बहुधा पडत नाही.

इशाऱ्याच्या नावावरूनही काही कळते. नावात ‘जेन’ (जेनेरिक), ‘ह्यूर’ (ह्युरिस्टिक) किंवा शेवटी ‘एमएल’ (मशीन लर्निंग) असेल तर तो बहुतेक अंदाज असतो, नेमकी ओळख नव्हे. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचे ‘वाकाटॅक.बी!एमएल’ हे नाव अशा खोट्या इशाऱ्यांत फार भेटते. रामटेकजवळच्या नगरधनला, म्हणजे जुन्या नंदिवर्धनला, राजधानी असलेल्या वाकाटकांशी त्याचा काही संबंध नाही, हे नागपुरात तरी सांगून ठेवलेले बरे.

मोठ्या कंपन्यांच्या चुका जास्त गाजल्या. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधली एसव्हीसीहोस्ट ही फाइल व्हायरस ठरवली. विंडोजच्या कितीतरी सेवा तिच्यातूनच चालतात. संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले आणि नेटवर्कही गेले, त्यामुळे दुरुस्तीचे अपडेट इंटरनेटवरून उतरवण्याची सोय उरली नाही. तंत्रज्ञांना प्रत्येक यंत्रापाशी जाऊन ते हाताने नीट करावे लागले. २०११च्या सप्टेंबरअखेर मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसने गुगल क्रोमला बँक-पासवर्ड चोरणारा झेडबॉट समजून काढून टाकले. सप्टेंबर २०१२ मध्ये तर सोफॉसने स्वतःचाच अपडेटर पकडला. कुंपणाने शेत खावे, तसे. चूक सुधारणारे अपडेट ज्या वाटेने यायचे, ती वाटच बंद झाली होती.

खोट्या इशाऱ्यापेक्षा त्यातून लागणारी सवय जास्त घातक. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, मग इन्स्टॉल करा’ ही सूचना प्रामाणिक प्रोग्रॅमरही देतो आणि क्रॅक केलेले सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर देणाराही. क्रॅक आणि कीजेन (परवान्याची खोटी किल्ली बनवणारा प्रोग्रॅम) यांवर येणारे इशारे तर तिहेरी असतात : कधी आत खरेच ट्रोजन, म्हणजे वेश घेतलेला घातक प्रोग्रॅम, असतो, कधी इशारा चुकीचा असतो, आणि कधी कंपनीने अशा साधनांना जाणूनबुजून ‘हॅकटूल’ म्हणून नोंदवलेले असते. ऐकणाऱ्याला या तिन्हींतला फरक कळत नाही आणि तो सरसकट ‘काही होत नाही’ म्हणून मोकळा होतो.

खात्री करून घ्यायला व्हायरसटोटल हे साधन सोयीचे आहे. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गुगलकडे आहे. एकच फाइल ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांपुढे ठेवते. दोन-तीन अपरिचित इंजिनांनीच हरकत घेतली तर इशारा खोटा असण्याची शक्यता जास्त. पण शक्यताच, अगदी ताजा व्हायरसही पहिल्या काही तासांत दोन-तीन ठिकाणीच पकडला जातो. शिवाय तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांनाही मिळते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात काम करणाऱ्या वकिलाने अशिलाची कागदपत्रे तिथे तपासायला टाकू नयेत, फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा, तेवढा शोधावा.

संपूर्ण अँटिव्हायरस बंद करण्याची गरज क्वचितच पडते. क्वारंटाइनमधून फाइल परत आणता येते, तेवढ्या एकाच फाइलला किंवा फोल्डरला सूट देता येते, आणि कंपनीकडे चुकीची ओळख म्हणून नमुना पाठवता येतो. तो मान्य झाला की पुढच्या अपडेटमध्ये इशारा निघून जातो. ही सुटका बहुधा त्या एका फाइलपुरतीच असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तशा वेळी हिशेबाचा प्रोग्रॅमही बदलावा लागतो. प्रोग्रॅममध्ये एक ओळ जरी बदलली तरी नव्या फाइलचा हॅश वेगळा, पत शून्य. मग तीच हिशेबाची ईएक्सई इतवारीतल्या दुकानात दुसऱ्यांदा ‘खाल्ली’ जाऊ शकते.