अमेरिकन फुटबॉलपटूंची शरीरयष्टी

अमेरिकन फुटबॉलमध्ये कुस्तीसारखे वजनगट नाहीत. समोर किती किलोचा गडी उभा करायचा, यावर बंधन नसल्याने ‘नॅशनल फुटबॉल लीग’ (एनएफएल, स्थापना १९२०) या व्यावसायिक स्पर्धेत खेळाडूंची वजने दशकागणिक चढत गेली. ही वाढ सरसकट मात्र नाही. चेंडू मांडला जातो त्या रेषेवर एकमेकांना भिडणारे ‘लाइनमन’ सर्वांत जास्त वाढले. चेंडूला लाथ मारणारे किकर किंवा कडेचे चपळ बचावपटू यांच्या अंगकाठीत तेवढा फरक पडलेला नाही.

सुरुवातीला ९०–९५ किलोचा लाइनमन चांगला धिप्पाड समजला जाई. १९३० च्या दशकात शिकागो बेअर्स संघाचा ब्रॉन्को नागुर्स्की चेंडू घेऊन मुसंडी मारी. त्याचे वजन सु. १०२ किलो, म्हणजे त्याला अडवायला येणारे कित्येक लाइनमनच त्याच्यापुढे हलके पडत. त्याच्या अंगठीचे अमेरिकी माप साडेएकोणीस. सामान्य पुरुषाचे दहा-अकरा असते. अपवाद तेव्हाही होतेच. डेट्रॉइट लायन्सच्या लेस बिंगमनचे वजन १९५४ साली धान्य तोलायच्या काट्यावर करावे लागले. ते साडेतीनशे पौंडांच्या (सु. १५८ किलो) आसपास भरले.

वाढीमागे आहारापेक्षा नियमांचा हात मोठा आहे. पूर्वी तेच अकरा जण चढाईही करीत आणि बचावही. एवढा वेळ मैदानावर टिकायचे तर वजन बेतातच ठेवावे लागे. एनएफएलने १९५० मध्ये खेळाडू हवे तेव्हा बदलण्याची मुभा कायमची दिली आणि एकाच कामापुरता गडी तयार करता येऊ लागला. शिवाय एक डाव (चेंडू मांडल्यापासून खेळ थांबेपर्यंतची एक चाल) जेमतेम पाच-सहा सेकंदांत आटोपतो, मग दम खायला उसंत मिळते. त्यामुळे अवजड देहही निभावतो. १९७८ मध्ये चढाईच्या लाइनमनला हात लांबवून, पंजे उघडे ठेवून प्रतिस्पर्ध्याला रेटण्याची परवानगी मिळाली. रेटारेटीत वस्तुमानच कामी येते. त्याच वर्षी मिनेसोटा व्हायकिंग्सने अ‍ॅलन पेज या नामांकित बचावपटूला काढून टाकले. लांब पल्ल्याच्या धावण्याचा नाद लागून तो फार सडपातळ झाला होता! पुढे तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला, हा भाग वेगळा.

जोडीला वजन उचलण्याचा शास्त्रशुद्ध व्यायाम आला आणि अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडे ही स्नायू वाढवणारी औषधेही आली. त्यांची तपासणी लीगने १९८७ मध्ये सुरू केली. पण वजने त्यानंतरही वाढतच राहिली, तेव्हा सगळे खापर औषधांवर फोडता येत नाही.

१९८५ साली शिकागोने घेतलेला विल्यम पेरी दीडशे किलोंच्या घरातला. ‘रेफ्रिजरेटर’ या टोपणनावाने तो घरोघरी पोहोचला आणि विजेत्या संघातल्या खेळाडूंना मिळते त्या त्याच्या अंगठीचे माप पंचवीस निघाले. तेव्हा तो नवलाचा विषय होता. पण तीनशे पौंडांवरचे (१३६ किलो) खेळाडू १९८० मध्ये बोटांवर मोजण्याइतके, १९९० मध्ये शंभराच्या आत, २००० मध्ये तीनशेच्या आसपास आणि २०१० च्या सराव शिबिरांत पाचशेंहून अधिक झाले. पेरीचे वजन आता बातमीचा विषय ठरणार नाही.

या देहाची किंमत खेळाडूच मोजतो. गुडघे, झोपेतला श्वासरोध, रक्तदाब, हृदयविकार या तक्रारी लाइनमनमध्ये ठळक आढळतात. १ ऑगस्ट २००१ रोजी व्हायकिंग्सचा सु. १५२ किलोचा कोरी स्ट्रिंगर सरावात उष्माघात होऊन मरण पावला. त्यानंतर उन्हातल्या सरावाबाबत संघ सावध झाले.

एवढे वजन टिकवणे हेही रोजचे कामच असते. क्लीव्हलँड ब्राउन्सचा जो थॉमस सलग १०,३६३ डाव मैदानाबाहेर न जाता खेळला. त्यासाठी भूक नसतानाही जेवत राहिला. २०१८ मध्ये निवृत्त होताच खाणे आवरले आणि काही महिन्यांत वीस किलोंहून अधिक वजन उतरवले.