विसर्ग–गाळ संबंध

विसर्ग–गाळ संबंध : डोंगराळ पाणलोट क्षेत्रातून वाहून जाणारे पाणी आणि त्याबरोबर जाणारी माती, वाळू व गोटे यांच्या प्रमाणांतील नाते. पाणी वाढले की गाळ वाढतो, हे कोणत्याही गढूळ ओढ्याकाठी दिसते. खरा प्रश्न तो किती वाढतो हा आहे. धूप चालू असलेल्या उतारांवर निलंबित गाळाचा, म्हणजे पाण्यात तरंगत जाणाऱ्या मातीचा, भार विसर्गाच्या (दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या) एका घाताच्या प्रमाणात वाढतो आणि त्याचा घातांक बहुधा १.५ ते ३ यांच्या दरम्यान असतो. तो २ असेल तर विसर्ग दुप्पट होताच गाळ चौपट होतो. त्यामुळे वर्षातला बराचसा गाळ मोजक्या पुरांतच निघून जातो. आठवड्यातून एकदा पाण्याचा नमुना घेतला तर तो नोंदीत येतच नाही.

विसर्ग आणि गाळ यांच्या प्रत्यक्ष आलेखावर मात्र मोजणीचे बिंदू रेषेभोवती दूरवर विखुरतात. ही मोजणीतली चूक समजून दुर्लक्ष करू नये, कारण पाणलोटाचा स्वभाव याच विखुरण्यात दिसतो. एकाच विसर्गाला पूर चढताना पाणी अधिक गढूळ असते आणि ओसरताना कमी. बिंदू क्रमाने जोडले की घड्याळाच्या दिशेने फिरणारा वळसा तयार होतो. पात्राजवळचा सुटा गाळ आधी वाहून गेला आणि साठा संपला, असा त्याचा साधारण अर्थ. वळसा उलटा फिरला, तर गाळ दूरच्या उतारांवरून उशिरा पोचला असावा, किंवा पाणी उतरताना भिजलेले काठ ढासळले असावेत. संशोधक जी. पी. विल्यम्स यांनी १९८९ मध्ये अशा आकृत्यांचे पाच प्रकार मांडले.

या सगळ्यामागे एकच तपासणी आहे : कमी काय पडते, गाळ की पाण्याची वाहण्याची ताकद? खडकाळ, झाडीच्या पाणलोटात ताकद शिल्लक असते, पण माती मिळत नाही. चीनमधील लोएस पठारावर नेमके उलटे घडते. वाऱ्याने आणून टाकलेल्या तिथल्या मऊ पिवळ्या मातीत थेंबांच्या माऱ्याने, ओघळींतून आणि खोल घळींतून इतका गाळ सुटतो, की काही उपनद्यांच्या पुरात दर घनमीटरला १,००० किलोग्रॅमहून अधिक गाळ मोजला गेला आहे. विसर्ग एका मर्यादेपलीकडे गेला, की गढूळपणा, म्हणजे दर घनमीटर पाण्यातला गाळ, जवळजवळ स्थिरावतो. मग एका पुरातला एकूण गाळ वाहून गेलेल्या पाण्याच्या जवळपास सरळ प्रमाणात राहतो. घातांकाचा नियम इथे सौम्य होतो, ही या विषयातली सर्वांत लक्षवेधी गोष्ट म्हणावी लागेल. अशा ठिकाणी पायऱ्यांची शेते करून पाणी उतारावरच मुरवले, तर पाणी जितके घटते साधारण तितकाच गाळही घटतो. याच पठारातून वाहणारी पीत नदी (ह्वांग हो) पूर्वी दरवर्षी सुमारे १६० कोटी टन गाळ वाहत असे. मृद्‌संधारण, धरणे आणि घटलेला प्रवाह यांमुळे तो आज त्याच्या लहान अंशावर आला आहे.

उतारावर सुटलेली सगळी माती मात्र नदीमुखाशी पोचत नाही. बरीचशी पायथ्याशी आणि पूरमैदानात थबकते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या कून क्रीक खोऱ्यात १९३० च्या दशकापासून मृद्‌संधारणाने उतारांची धूप खूप घटली, तरी खोऱ्याबाहेर जाणारा गाळ जवळपास तेवढाच राहिला, असे भूगोलतज्ज्ञ स्टॅनली ट्रिंबल यांनी दाखवले. आधीच्या दशकांत दरीत साठलेली माती ओढा पुन्हा उकरून नेत होता.