एका नावाखाली पाच चतुर

तळ्याकाठच्या ओल्या गवतात, जमिनीपासून वीत-दोन विती उंचीवर बसणारा एक छोटा चतुर आहे. अंगावर निळ्या-काळ्या रंगाची नक्षी, पोटाचा पुढचा भाग फुगीर आणि तिथून पुढे शेपटाकडचा भाग एकदम बारीक. एकदा पाहिला की पुन्हा ओळखायला चुकत नाही. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ रँबुर यांनी १८४२ मध्ये त्याचं नाव ठेवलं अ‍ॅसिसोमा पॅनोर्पॉइडिस. पुढे आफ्रिकेत आणि मादागास्करमध्ये तसेच फुगीर पोटाचे चतुर सापडले, तेही याच नावाखाली गेले. भारतापासून आफ्रिकेपर्यंत एकच जात, असं सगळी पुस्तकं सांगत राहिली.

२०१६ मध्ये काही संशोधकांनी ठिकठिकाणचे नमुने शेजारी शेजारी ठेवले. शेपटाची टोकं पाहिली, नरांची जननेंद्रियं पाहिली, डीएनए तपासला. त्या एका नावाखालून पाच वेगळ्या जाती निघाल्या. गंमत अशी की त्यांतल्या फक्त एकीला नवं नाव द्यावं लागलं. मादागास्करच्या त्या जातीला निसर्गपटकार डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या नव्वदाव्या वाढदिवसानिमित्त अ‍ॅटनबरोई म्हटलं गेलं. बाकी तिघींना एकोणिसाव्या शतकातच कुणी ना कुणी नाव देऊन ठेवलं होतं. मधल्या काळात ‘हा तर पॅनोर्पॉइडिसच’ म्हणून ती नावं बाजूला पडली होती, ती झटकून पुन्हा वापरात आणली. आपल्याकडच्या चतुराचं नाव मात्र तेच राहिलं.

‘नवी जात सापडली’ ही बातमी वाचली की डोळ्यांसमोर घनदाट जंगल आणि आजवर कुणी न पाहिलेला कीटक येतो. चतुर आणि टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) यांच्या बाबतीत हे चित्र क्वचितच खरं असतं. यांच्या बऱ्याच नव्या जाती जुन्या नावाच्या आतून निघतात. वर्षानुवर्षं सगळ्यांनी पाहिलेल्या, यादीत नोंदवलेल्या, फक्त दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने.

सुरुवात तर एकाच नावाने झाली होती. शास्त्रीय नावांची पद्धत बसवणाऱ्या लिनियसने १७५८ साली सगळे चतुर आणि सगळ्या टाचण्या मिळून ‘लिबेल्लुला’ अशी एकच प्रजाती (जवळच्या जातींचा गट) केली. त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने १७९३ मध्ये त्यांचा स्वतंत्र गण मानला आणि दणकट, दातेरी जबड्यांवरून त्याला ओडोनाटा म्हटलं. आज जगभरात या गणातल्या सहा हजारांहून अधिक जाती माहीत आहेत, भारतात पाचशेच्या आसपास.

चतुर कोणता आणि टाचणी कोणती, हे शाळकरी मुलंही सांगतात. पंख पसरून बसतो तो चतुर, पंख पाठीवर मिटून बसते ती टाचणी. चतुराचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले, टाचणीचे दोन टोकांना. नियम चांगला आहे, पण निसर्गाला तो कुणी कळवलेला नाही. लेस्टिडी कुळातल्या टाचण्या अर्धे पंख उघडे टाकून बसतात. उलट गोम्फिडी कुळातल्या चतुरांचे डोळे टाचणीसारखे एकमेकांपासून लांब असतात. खात्रीची खूण पंखांच्या बुडाशी मिळते: चतुराचा मागचा पंख बुडाशी रुंद असतो, टाचणीचे चारही पंख जवळपास सारखे आणि बुडाशी निमुळते. बसण्याची ढब बदलली तरी ही खूण बदलत नाही.

यातही एक खोडी आहेच. एपिओफ्लेबिया नावाच्या प्रजातीचं अंग चतुराचं आणि पंख टाचणीचे. ती जपानमध्ये आणि हिमालयात आढळते, आणि तिच्यासाठी वेगळा कप्पा करावा लागला. हिमालयातल्या जातीचं नाव कीटकशास्त्रज्ञ टिलयार्डने १९२१ मध्ये ठेवलं ते दार्जिलिंगजवळ मिळालेल्या पाण्यातल्या अळीवरून. उडणारा प्रौढ कीटक हाती लागायला पुढे काही दशकं गेली. बारशाच्या वेळी बाळाचं मोठेपणीचं रूप कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता जातीपर्यंत पोचायचं तर कसं? पहिला मोह रंगाचा होतो आणि तिथेच माणूस फसतो. मैदानावर, बांधावर, अगदी गच्चीतही दिसणारा डायप्लॅकोडिस ट्रिव्हियालिस घ्या. कोवळा नर पिवळट हिरवा असतो, त्यावर काळे पट्टे. वय वाढतं तशी अंगावर मेणासारखी निळसर पूड धरत जाते आणि शेवटी तो संपूर्ण निळा होतो. मादी बहुतेक वेळा पिवळट हिरवीच राहते. म्हणजे एकाच मैदानावर एकाच जातीचे दोन-तीन रंग. क्रोकोथेमिस सर्व्हिलियाचा नर मिरचीसारखा लाल, मादी पिवळट. इस्कनुरा सेनेगालेन्सिस या टाचणीच्या काही माद्या तर चक्क नराचे रंग घेऊन फिरतात. भरीला मेल्यावर रंग टिकत नाहीत. निळा तर बघता बघता काळपट पडतो. संग्रहालयातल्या पेटीत शंभर वर्षांपूर्वी टाचलेला चतुर सहसा तपकिरीच दिसतो, जिवंतपणी तो कसाही असो.

म्हणून अभ्यासक रंग बघतात, पण निकाल शेपटाच्या टोकावर देतात. चतुर जाळीत आला की त्याचे पंख पाठीवर जुळवून दोन बोटांत धरतात. नीट धरलं तर त्याला इजा होत नाही, फक्त पाय हलवत राहतो. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून पोटाच्या दहाव्या खंडाकडे बघायचं. नराला तिथे चिमट्यासारखे अवयव असतात, वरचे दोन आणि खालचे एक किंवा दोन. कुणाचे आत वळलेले, कुणाच्या टोकाला दात, कुणाच्या बुडाशी बारीकसा उंचवटा. बाजूने एक आकार दिसतो, वरून दुसराच. वर्णनात हे दोन्ही बाजूंचं चित्र हमखास असतं, आणि बऱ्याचदा पानभर मजकुरापेक्षा ते चित्रच जास्त सांगून जातं.

हा भाग इतका महत्त्वाचा का, तर कीटक स्वतःही तोच वापरतात. मीलनाच्या वेळी नर या चिमट्याने मादीला पकडतो, चतुर असेल तर डोक्यामागे, टाचणी असेल तर मानेजवळच्या छातीच्या पहिल्या खंडावर. टाचण्यांत मादीच्या त्या खंडाची मागची कड नराच्या चिमट्याला जुळणारी असते. दुसऱ्या जातीच्या नराने धरलं तर पकड नीट बसत नाही. पद्धत अगदी चोख नाही, भलत्याच जातींच्या जोड्याही कधीकधी दिसतात. तरी माणसाने शोधलेल्या कुठल्याही खुणेपेक्षा ही खूण विश्वासाची, कारण जात टिकते ती तिथेच.

दुसरी मोठी खूण म्हणजे पंखांवरच्या शिरा. भारतातल्या चतुरांवरचं पायाभूत काम फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर या लष्करी डॉक्टरने केलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये तो वर्षानुवर्षं भारतीय चतुरांवर लिहीत राहिला, आणि १९३३ ते १९३६ या काळात त्याच्या चतुरांवरच्या ग्रंथाचे तीन खंड निघाले. ते आजही उघडावे लागतात. फ्रेझरचा शिरांवर फार भरवसा. कुठली शीर कुठे सुरू होते, पंखाच्या मधल्या गाठीआधी किती आडव्या शिरा येतात, बुडाजवळचा त्रिकोण कसा आहे, हे सगळं तो मोजत बसे. प्रजाती ओळखायला हे अजून उपयोगी पडतं.

पण शिराही दगा देतात. महाराष्ट्रातल्या नद्यांवर काळपट पट्ट्यांच्या पंखांची एक देखणी टाचणी दिसते, डिस्पॅरोन्यूरा क्वाड्रिमॅक्युलाटा. तिच्यासारख्या कमी शिरांच्या पंखांच्या टाचण्यांचं एक वेगळं कुळ होतं, प्रोटोन्यूरिडी. जुन्या पुस्तकांत ते सापडेल. डीएनएवर आधारित अभ्यास झाले तेव्हा कळलं की शिरा कमी होणं ही गोष्ट वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे घडली आहे. आशियातल्या आणि अमेरिकेतल्या या टाचण्या एकमेकींच्या जवळच्या नाहीतच. २०१४ मध्ये कुळांची फेरमांडणी झाली आणि आपल्याकडच्या जाती प्लॅटिक्नेमिडिडी कुळात गेल्या. नदीवरच्या टाचणीला अर्थातच याचा पत्ता नाही, पण पुस्तकं मात्र जुनी झाली.

जात वेगळी आहे हे पटलं की नावाचा प्रश्न येतो, आणि त्याला आंतरराष्ट्रीय संहिता आहे. प्राण्यांच्या नावांची मोजणी १७५८ पासून. एकाच जातीला दोन नावं दिली गेली असतील तर आधीचं टिकतं. पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना मैदानांवर झुंडीने घिरट्या घालणारा पँटाला फ्लावेसेन्स जगभर हिंडतो, साहजिकच त्याला जगभर नावं मिळाली. कुणी विरिडुला म्हटलं, कुणी अ‍ॅनालिस. इंग्लंडमध्ये कधीतरी भरकटत पोचलेल्या एकाचं तर १८३४ मध्ये तिथल्या संग्राहकाच्या नावावरून बारसं झालं. फॅब्रिशियसने फ्लावेसेन्स हे नाव १७९८ मध्येच दिलं होतं, म्हणून बाकीची सगळी रद्द.

नावाबरोबर एक नमुना बांधलेला असतो. वर्णन करताना एकच कीटक ‘नामनमुना’ म्हणून नेमायचा आणि संग्रहालयात जपायचा. पुढे वाद झालाच तर पुस्तकातलं वाक्य नाही, तो कीटक साक्षीला येतो. अ‍ॅसिसोमासारखी एक जात पाचांत फुटली, तर जुनं नाव कुणाकडे राहणार हे मूळ नमुना कुठल्या गटात बसतो त्यावर ठरतं. फोटो कितीही सुंदर असला तरी त्याला ही ताकद नाही. एक जीव मारावा लागतो, हे मनाला रुचत नाही, पण नमुन्याविना केलेली वर्णनं पुढच्या पिढ्यांची किती वर्षं खातात हे पाहिलं की विरोध थोडा नरम पडतो.

शास्त्रीय नावामागे नाव देणाऱ्याचं आडनाव लिहितात. ते कंसात असेल तर समजायचं की जातीची प्रजाती नंतर बदलली. लाल चतुराचं नाव क्रोकोथेमिस सर्व्हिलिया (ड्रुरी) असं लिहितात, कारण ड्रुरीने त्याला लिबेल्लुलात टाकलं होतं. हा ड्रुरी लंडनचा चांदीकाम करणारा, कीटकांचा नादिष्ट संग्राहक. त्याने चतुरांना सर्व्हिलिया, सबिना, टुलिया अशी प्राचीन रोममधल्या स्त्रियांची नावं दिली. ब्रूटसच्या आईचं, सर्व्हिलियाचं, नाव आपल्या विहिरींवर उडतं आहे ते त्याच्यामुळे.

आता कोकणात येऊ. फ्रेझरचा भर कूर्ग, निलगिरी, मलबार असा दक्षिणेकडे होता. उत्तर सह्याद्री आणि कोकणाकडे त्या मानाने दुर्लक्षच झालं, आणि ती भरपाई गेल्या काही वर्षांत झपाट्याने होते आहे. सेरिअ‍ॅग्रिऑन कोरोमँडेलियानम ही पिवळ्या पोटाची टाचणी कुठल्याही डबक्यावर, बागेतल्या कुंडावरही दिसते. तिचं धड हिरवट असतं. सिंधुदुर्गात मात्र धडही पिवळंधमक असलेली टाचणी होती. २०१९ मध्ये शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी तिचं सेरिअ‍ॅग्रिऑन क्रोमोथोरॅक्स या नावाने वर्णन केलं. त्याच दोघांनी २०२० मध्ये कोकण किनारपट्टीवरून ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस हा चतुर जाहीर केला. २०२१ मध्ये साताऱ्याच्या ठोसेघरच्या नावाने युफिया ठोसेघरेन्सिस ही टाचणी आली, २०२२ मध्ये आंबोलीजवळच्या चौकुळच्या नावाने बर्मागोम्फस चौकुळेन्सिस हा चतुर. पुण्याच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने २०२३ मध्ये दक्षिण सह्याद्रीतल्या एका टाचणीला प्रोटोस्टिक्टा आर्मागेडोनिया म्हटलं. जगभर कीटक घटत आहेत, त्या प्रलयाकडे (इंग्रजीत ‘आर्मागेडन’) लक्ष वेधायला. गावाचं नाव दिलं की गावकऱ्यांना ओढा आपला वाटतो, प्रलयाचं दिलं की वर्तमानपत्रात जागा मिळते. मला विचाराल तर चौकुळ जास्त आवडलं.

यात सर्वांत बोलकं उदाहरण मला कोंकणेन्सिसचं वाटतं. त्याचा भाऊबंद ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा आपल्या इतका ओळखीचा की कुणी ढुंकून बघत नाही. राखाडी ठिपक्यांचा, दगडी भिंतीवर, कातळावर, कंपाउंडवर चिकटून बसणारा, सिमेंटच्या टाकीतही अंडी घालणारा. कोकणात भिंतीवर असा राखाडी चतुर दिसला की यादीत जेमिनाटा लिहायचं, एवढाच रिवाज. कोंकणेन्सिस वेगळा निघाल्यावर प्रश्न उरतो तो त्या याद्यांचा. किनारपट्टीवरच्या जेमिनाटाच्या जुन्या नोंदींपैकी खरा जेमिनाटा किती? ज्यांनी नमुना जपला त्यांना पुन्हा भिंग लावता येईल. ज्यांनी वरून, बाजूने आणि शेपटाच्या टोकाचा जवळून असे फोटो काढले त्यांचंही बरंचसं निभावेल. नुसतं नाव, गाव आणि तारीख लिहिलेल्या नोंदींपुढे मात्र आता प्रश्नचिन्ह टाकावं लागेल आणि त्या गावी पुन्हा जावं लागेल.