टेबलावरचं मेटल: वीस मिनिटांच्या लढाईला चार मिनिटांचं गाणं

१९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत साहसकथा रचायच्या खेळाचा, पहिला खोका बाहेर पडला. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीत जन्मलेलं हेवी मेटल हे दणदणीत रॉक संगीत तेव्हा चार वर्षांचं होतं. तलवारी, जादूगार, शापित राज्यं हे खाद्य दोघांचं एकच, त्यामुळे खेळाच्या बैठकीला, म्हणजे सेशनला, मेटल लागणं ओघानेच आलं. १९८०च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजेचा आळही दोघांवर एकदमच आला. १९८५मध्ये गाण्यांच्या शब्दांवरून सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि खेळाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतून 'डेमन', 'डेव्हिल' हे शब्दच गाळले गेले.

खरी अडचण मात्र वेळेची आहे. आजच्या नियमांत लढाईचा एक राउंड म्हणजे खेळातले सहा सेकंद. टेबलावर तोच राउंड पंधरा-वीस मिनिटं चालतो: एकजण स्पेल (जादूचा मंत्र) शोधतोय, दुसरा बेरीज करतोय, तिसऱ्याचा फासा खुर्चीखाली गेलाय. सुसाट डबल बेस ड्रमचं गाणं पहिला गॉब्लिन पडायच्या आतच संपतं. त्यात गायकाने वरचा सूर लावला की डीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्या 'डंजन मास्टर'चं, वर्णन बुडालंच.

याचं उत्तर मेटलच्या घरातूनच आलं. ब्लॅक मेटल या मेटलच्या जहाल उपप्रकारातल्या अल्बमांना सुरुवातीला कीबोर्डचा छोटा, गूढ तुकडा असायचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या अशाच एका बँडचा बेसवादक बाहेर पडला आणि त्याने त्या तुकड्याचाच अख्खा अल्बम केला: एकच रचना, दोन भाग, पन्नास मिनिटांहून जास्त. एक भाग म्हणजे साधारण एक राउंड!

या प्रकाराला आज 'डंजन सिंथ' म्हणतात. हे नाव रुळलं ते २०११च्या सुमारास, म्हणजे संगीतानंतर जवळजवळ दोन दशकांनी, आणि घोळ तिथूनच सुरू झाला. गिटार नाही, ड्रम्स नाहीत, गाणं नाही, मग याला मेटल कसं म्हणायचं, असा एका बाजूचा आक्षेप. पण करणारे तेच, घरगुती रेकॉर्डिंगची खरखर तीच, हातोहात फिरणाऱ्या कॅसेटी त्याच, मुखपृष्ठावरचे काळे-पांढरे किल्लेही तेच. नावातलं 'डंजन' बघून अनेकजण हे खेळासाठीच बनलं असं समजतात. तसं ते नव्हतं, टेबलाने ते नंतर आपलंसं केलं. माझ्या मते हे मेटलच आहे. वाद्यांची यादी बघून त्याला घराबाहेर काढणं अन्यायाचं आहे.

अधिकृत निवड मात्र वेगळी झाली. २००३मध्ये खेळाचा अधिकृत संगीत अल्बम आला, तो ओहायोतल्या एका जोडीने केलेला, भयपटाच्या वळणाचा आणि वाद्यवृंदाच्या थाटाचा. चांगला आहे, पण तीस वर्षं सोबत असलेलं मेटल त्यात नाही, ही चूकच झाली.

ती कसर २०२०मध्ये स्वीडनने भरून काढली. 'मोर्क बोर्ग', म्हणजे काळोखा किल्ला, हा पिवळ्याजर्द पुस्तकातला खेळ उघडपणे डूम मेटलवर बेतलेला आहे. डूम म्हणजे मेटलचा सर्वांत संथ प्रकार, त्यामुळे तो टेबलाच्या चालीने चालतो. या खेळात रोज पहाटे नवी आपत्ती येते का हे ठरवायला फासा टाकायचा. सातवी आपत्ती आली की जग संपतं आणि पुस्तक जाळून टाका असं नियमातच लिहिलंय. एरवी आवाज खाली ठेवणाऱ्या डीएमने त्या पहाटे तो पूर्ण वर न्यावा; तेव्हा कुणाला कुणाचं ऐकायचं उरलेलं नसतं.