भूकंपीय गोंगाट आणि भूऔष्णिक क्षेत्रांतील भेगा

जमीन कधीच पूर्ण स्थिर नसते. समुद्राच्या लाटा, वारा, वाहनं, कारखाने यांमुळे ती अखंड, अगदी सूक्ष्म थरथरत असते. या थरथरीला भूकंपीय गोंगाट म्हणतात. पूर्वी भूकंपाची नोंद वाचताना तो अडथळा समजून गाळला जाई. २००० नंतरच्या दशकात मात्र त्याचाच उपयोग करून जमिनीखालचा खडक तपासण्याची पद्धत रूढ झाली.

भूऔष्णिक ऊर्जेत, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून मिळवलेल्या ऊर्जेत, खडकातल्या भेगांना सर्वाधिक महत्त्व आहे. खोलवरचा खडक कितीही तापलेला असला, तरी पाणी फिरायला वाट नसेल तर ती उष्णता वर आणता येत नाही. कोकणातले वज्रेश्वरी, उन्हवरे इथले गरम झरेही भेगांतूनच वर येतात.

या भेगा गोंगाटातून शोधण्यासाठी दोन भूकंपमापकांनी एकाच काळात केलेल्या नोंदी घेतात. मोठे धक्के आणि ट्रकचा खडखडाट दाबून टाकतात. मग एक नोंद दुसरीवर ठेवून सेकंदाच्या अंशाअंशाने पुढे-मागे सरकवतात आणि दोन्ही कुठे जुळतात ते पाहतात. एका दिवसाच्या नोंदीत फारसं काही दिसत नाही. अनेक दिवसांची सरासरी काढली की त्यातून एक स्पष्ट तरंग वर येतो, जणू पहिल्या ठिकाणी धक्का दिला आणि दुसऱ्या ठिकाणी तो पोचला. या तरंगाच्या वेगावरून खडकाचा नकाशा बनतो. एकाच दिशेच्या उभ्या भेगा असतील तर त्यांच्या रेषेत तरंग वेगाने जातो आणि त्यांना छेदून जाताना मंदावतो. या फरकावरून भेगांची दिशा कळते.

तरंगाची शेपटी, म्हणजे खडकात अनेकदा आपटून उशिरा पोचलेला भाग, आधी पोचलेल्या भागाहून संवेदनशील असते. वेगात हजारात एक भागाइतका बदल झाला तरी तो तिच्यात उमटतो.

स्वित्झर्लंडमधलं सांक्ट गालेन हे याचं बोलकं उदाहरण आहे. तिथे भूऔष्णिक ऊर्जेसाठी खणलेल्या सुमारे ४.५ किमी खोल विंधनविहिरीत जुलै २०१३ मध्ये पाणी आणि नंतर आम्ल सोडलं गेलं. विहिरीत अचानक वायू उसळला. तो रोखण्याचे प्रयत्न चालू असतानाच २० जुलैला पहाटे ३.५ तीव्रतेचा धक्का बसला. गोंगाटाच्या नोंदी नंतर तपासल्या तेव्हा दिसलं, की तरंगांचा आकार वायू उसळण्याच्या चार दिवस आधी, पाणी सोडायला सुरुवात होताच, बदलू लागला होता आणि बदलाची जागा विहिरीच्या आसपासचीच होती. लहान धक्क्यांच्या मोजणीतून ही हालचाल इतक्या लवकर ओळखता आली नव्हती. भेगांतला द्रव धक्क्याविनाही खडक बदलतो, हे यातून दिसतं. माझ्या मते या पद्धतीचं खरं मोल इथे आहे.

मर्यादाही आहेत. तरंगलांबी शेकडो मीटर ते काही किलोमीटर असल्याने एकेक भेग दिसत नाही, भेगाळलेला पट्टा तेवढा कळतो. शिवाय लाटांचा जोर ऋतूप्रमाणे बदलतो, त्यामुळे गोंगाटाचा उगमच बदलला की खडक बदलला, हे आधी ठरवावं लागतं.