पुण्यात म्हाडाच्या घरासाठी अर्ज: जाहिरातीआधी हाताशी ठेवायची कागदपत्रे

म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडत जाहीर झाली की धावपळ सुरू होते ती अधिवास प्रमाणपत्रासाठी. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज केल्यावर ते मिळायची मुदत 15 दिवसांची, आणि एखादा पुरावा कमी पडला तर अर्ज परत येतो. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता हे काम आजच लावून द्या. जुना हस्तलिखित दाखला घरात असला तरी त्यावर विसंबू नका. 2018 नंतर काढलेला, बारकोड असलेला दाखलाच लागतो.

2023 पासून पात्रतेची तपासणी सोडतीआधीच, संगणक प्रणालीत होते. त्यामुळे कागदातली चूक नंतर निस्तरू, असे म्हणायला जागा उरलेली नाही. नोंदणीसाठी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू हवा. आधार आणि पॅनवरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे. एकावर वडिलांचे नाव आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यानेही पडताळणी अडते. विवाहित असाल तर पती किंवा पत्नीचेही आधार-पॅन द्यावे लागते. घटस्फोटितांनी न्यायालयाचा हुकूमनामा जोडायचा.

उत्पन्न म्हणजे पती-पत्नी दोघांचे मिळून. पुणे महानगर क्षेत्रात वार्षिक 6 लाखांपर्यंत अत्यल्प, 6 ते 9 लाख अल्प, 9 ते 12 लाख मध्यम आणि त्यावर उच्च उत्पन्न गट. आपल्या गटाबरोबर लगतच्या वरच्या गटातही अर्ज करता येतो, खालच्या गटात मात्र नाही. पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्न दाखला द्यायचा. इथे सर्वांत जास्त घोळ होतो तो वर्षाचा. जाहिरातीत आर्थिक वर्ष 2024-25 मागितले असेल, तर विवरणपत्रावर करनिर्धारण वर्ष (असेसमेंट इयर, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) 2025-26 छापलेले असते. करनिर्धारण वर्षापुढे 2024-25 हा आकडा पाहून आदल्या वर्षाचे विवरणपत्र चढवले की उत्पन्नाचा पुरावाच चुकतो. तहसीलदारांचा दाखलाही त्याच आर्थिक वर्षाचा आहे ना, हे बघून घ्या.

वय 18 पूर्ण हवे. ज्या महापालिका हद्दीत घर आहे तिथे तुमच्या, पती-पत्नीच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर घर असता कामा नये. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घराला अट याहून कडक आहे: देशात कुठेही पक्के घर नको. राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांना महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याचे जात प्रमाणपत्र लागते. विवाहित महिलांचे हे प्रमाणपत्र माहेरच्या नावाने असते, तेव्हा नावातला बदल दाखवणारा कागद सोबत ठेवा.

अनामत रक्कम भरताना बँक खाते अर्जदाराच्याच नावाचे द्या, कारण घर लागले नाही तर परतावा तिथेच येतो. अर्ज शुल्क मात्र परत मिळत नाही. शेवटच्या दिवशी पैसे भरू नका. पैसे खात्यातून गेले आणि प्रणालीत नोंद झाली नाही, तर दुरुस्तीला वेळच उरत नाही.

जाहिरातीतले सगळे संकेत क्रमांक (प्रत्येक योजनेला दिलेला क्रमांक) एकाच प्रकारचे नसतात, हे अर्ज भरताना नीट पाहा. 20 टक्के योजनेतली घरे खासगी विकासकाच्या प्रकल्पात म्हाडाच्या सोडतीसाठी राखून ठेवलेली असतात. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पांतून ती येतात. अर्जदार म्हाडा निवडते, पण करारनामा विकासकाशी होतो आणि पैसेही त्यालाच द्यायचे असतात. पार्किंग, क्लब, आगाऊ देखभाल अशा नावांनी जाहिरातीत नसलेली रक्कम कोणी मागितली, तर मागणी लेखी घ्या आणि मंडळाकडे तक्रार करा. छापील किमतीखेरीज मुद्रांक शुल्क (पुण्यात साधारण 7 टक्के) आणि नोंदणी शुल्क (1 टक्का, कमाल 30,000 रुपये) धरून चाला. बांधकाम सुरू असलेल्या परवडणाऱ्या घरावर 1 टक्का जीएसटीही येतो; पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर तो नाही.

घर लागले की ऑनलाइन स्वीकृती द्यायची, मग देकार पत्र (ऑफर लेटर) येते. हप्त्यांच्या तारखा त्यावरच असतात. म्हाडाच्या स्वतःच्या घरावर कर्ज काढायचे तर बँक म्हाडाचे ना हरकत प्रमाणपत्र मागते, म्हणून देकार पत्र हातात पडताच त्यासाठी अर्ज करा. पती आणि पत्नी दोघांनाही घर लागले, तर एकच ठेवता येते. ताब्यानंतर पाच वर्षे घर विकता येत नाही. आणि म्हाडाने कोणताही दलाल नेमलेला नाही, त्यामुळे "नंबर लावून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.