मुळशीचं पाणी आणि विजेचा भाव

मुंबईच्या कापड गिरण्या एकेकाळी दगडी कोळशावर चालायच्या. हा कोळसा बंगालसारख्या लांबच्या खाणींतून यायचा. वाहतूक महाग आणि भाव गिरणीमालकांच्या हाती नाही. यावर उपाय म्हणून टाटांनी सह्याद्रीचं पाणी हेरलं. १९११ साली लोणावळ्याजवळ वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. भीमेकडे पूर्वेला जाणारं पाणी घाटमाथ्यावर अडवायचं आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचं, अशी ही योजना. टर्बाइनमधून गेलेलं पाणी पुन्हा भीमेत येत नाही.

मुळशीच्या मावळ्यांनी याची किंमत मोजली. टाटांच्या मुळशी धरणात पन्नासच्या आसपास गावं जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तिथलीच. धरण तरीही झालं आणि १९२७ मध्ये भिरा केंद्रातून वीज निघाली. कोळशाच्या भावाची जोखीम कारखानदारांच्या खांद्यावरून उतरली ती या शेतकऱ्यांच्या पदरात पडली, असं माझं स्पष्ट मत आहे. आजही दुष्काळ पडला की 'टाटांचं पाणी भीमेला द्या' ही मागणी उठते.

कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रांनी पाणी आणि कोळशाचा संबंध उलटा करून दाखवला. कोळसा असला तरी वाफेला आणि शीतकरणाला पाणी लागतंच. २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी परळीचं १,१३० मेगावॉटचं केंद्र पूर्ण बंद ठेवावं लागलं. असं केंद्र थांबलं की तेवढी वीज दुसरीकडून, बऱ्याचदा बाजारातून, घ्यावी लागते. आणि बाजार उन्हाळ्यातच तापलेला असतो. २०२२ च्या मार्चमध्ये वीज खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजवर युनिटचा दर २० रुपयांना भिडला, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने एप्रिलमध्ये १२ रुपयांची मर्यादा घातली. अशी महाग खरेदी शेवटी बिलातल्या 'इंधन समायोजन आकार' या ओळीतून घरोघरी पोहोचते.

पाण्याचा वापर कमी व्हावा म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. २०१६ च्या वीजदर धोरणात ५० किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर तिथलं पाणी वापरणं बंधनकारक केलं. कोराडीच्या औष्णिक केंद्राला नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी मिळतं. परळीजवळ एवढं मोठं शहरच नाही.

आता गाडी पुन्हा सह्याद्रीत आली आहे. सौरऊर्जेमुळे दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग होऊ लागली. दुपारी पाणी वर चढवायचं आणि दिवेलागणीला खाली सोडून वीज विकायची, यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने शिरवता (१,८०० मेगावॉट) आणि भिवपुरी (१,००० मेगावॉट) येथील उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. भावातला चढउतार टाळायला ज्या खोऱ्यांत धरणं बांधली, तिथे आता त्याच चढउतारावर कमाई होणार. पाणी फिरवून वापरलं जात असल्याने इथे नव्या पाण्याची गरज कमी, हे मान्य. पण अवर्षणाच्या वर्षी जलाशयात किती पाणी राखायचं आणि भीमेकाठच्या गावांसाठी किती सोडायचं, हे कोण ठरवणार, ते करारांच्या वेळीच जाहीर व्हायला हवं.